बोंबलाच्या वेबसाइटवरचे पाहुणे

आमच्या दुकानाचे किस्से म्हणजे पाटीतला सुका जवळा. एक उचलायला जावं तर हाताला दहा चिकटून येतात! परवा भाचीच्या लग्नात कोणीतरी सहज विचारलं, "मेधा, ते तुमचं मासळीचं इंटरनेट कसं होतं गं?" पंगत उठली, वाढपी जेवून गेले, तरी मी आपली बोलतेच आहे.

दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि खालच्या गाळ्यात हमीदचाचांचं सुक्या मासळीचं दुकान. चाचा पंचवीसेक वर्षं जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. जग फिरून आले होते, त्यामुळे नव्या गोष्टीची भीती नव्हती. एक दिवस वर आले आणि म्हणाले, "गो मेधा, आखातातली आमची पोरं सुक्या बोंबलासाठी रडतात. त्यांना बसल्या जागी दिसेल असं दुकान काढ."

काढलं. चाचा मालक, त्यांची बायको खैरुनचाची मालाची पारख आणि लिखाण करणार, आणि मी मशीनवाली. चाची सातवीपर्यंत शिकलेली, पण लिहायची असं की वाचताना तोंडाला पाणी सुटावं. "हा बांगडा मी स्वतः उन्हात फिरवलाय, ढगावर विश्वास ठेवला नाही," असली वाक्यं!

•

पहिल्या आठवड्यात चाचा रोज सकाळी वर येऊन विचारायचे, "कोण आलं होतं?"

कोण कुठून येऊन काय बघून गेलं, याची नोंद मला दिसायची. एक दिवस मी सांगितलं, "चाचा, अमेरिकेतून एक जण आलाय. सगळी पानं बघितली. बोंबील, सोडे, जवळा, सगळं."

चाचांनी पेढे आणले!

दुसऱ्या दिवशी तोच परत. तिसऱ्या दिवशीही तोच. घेत मात्र काहीच नाही. मग मला उलगडा झाला. तो माणूस नव्हताच. सर्च इंजिनचा रोबोट होता. जगातल्या सगळ्या वेबसाइट वाचत फिरायचं आणि मालकाला जाऊन सांगायचं, की अमुक ठिकाणी अमुक मिळतं, एवढंच त्याचं काम.

पेढे पोटात गेलेले. जीव मुठीत धरून मी चाचांना समजावलं.

चाचा विचारात पडले. "म्हणजे तो येतो, माल उलटापालटा करून बघतो, भाव बघतो आणि न घेता जातो?"

"हो."

"आणि मग गावभर सांगत सुटतो?"

"हो."

"मग गिऱ्हाईकच की गो तो! माझा अर्धा बाजार असाच आहे."

•

पण या गिऱ्हाइकानं पुढे आम्हाला चांगलंच नाचवलं.

प्रत्येक मालाखाली मी एक बटण ठेवलं होतं, 'पिशवीत टाका'. कोणी माल पिशवीत टाकला की तेवढा त्याच्या नावानं बाजूला राहायचा. रोबोटला काय, दिसेल त्या लिंकवर पाय ठेवायचा, एवढंच माहीत. एका रात्रीत त्यानं अख्खं दुकान पिशवीत टाकलं. सकाळी प्रत्येक मालापुढे 'संपले'!

नेमकी त्या दिवशी मी चिपळूणला मावशीकडे. चाचांनी क्लासमधल्या मशीनवर स्वतः 'संपले' वाचलं आणि आनंदानं वेडे झाले. ओळखीच्या सगळ्या कोळणींना निरोप गेले. दुपारपर्यंत टेम्पो भरून बोंबील दारात हजर.

संध्याकाळी मी परत आले. नोंदी बघितल्या, पुन्हा बघितल्या. एकाही पिशवीवर नाव नाही, पत्ता नाही.

"चाचा, हा सगळा रोबोटचा उद्योग आहे."

घरात गणपतीच्या मूर्तीएवढा एकेक ढीग, वर आभाळ भरून आलेलं. ओल लागली तर सगळा माल मातीत जाणार होता. चाची म्हणाली, "मेल्याला खायचं नव्हतं तर पिशवीत कशाला घातलंन?"

रात्रभर चाचा पडवीत येरझाऱ्या घालत होते, असं चाचीनं नंतर सांगितलं. सकाळी त्यांनी तोच टेम्पो भरला आणि आम्हा दोघींना घेऊन हातखंब्याला गेले. हायवेच्या कडेला ताडपत्री अंथरली आणि जहाजावर जेवणाची हाळी द्यायचे तशी सणसणीत हाळी दिली. मुंबईच्या गाड्या थांबल्या, गोव्याच्या थांबल्या, ट्रकवाले थांबले. ऊन कलायच्या आत ताडपत्री रिकामी! एक जण तर ताडपत्रीचाही भाव विचारत होता.

चाचा घाम पुसत म्हणाले, "मेधा, तुझ्या इंटरनेटला सांग, हातखंबा त्याच्यापेक्षा फास्ट आहे."

•

त्यानंतर मी रोबोटसाठी पाटी लावली. वेबसाइटच्या दारावर तशी सोय असते. कुठल्या पानावर जाऊ नये, ते तिथे लिहून ठेवायचं. सभ्य रोबोट ती पाटी वाचतात आणि पाळतात.

"आणि चोर?" चाचीनं विचारलं.

"तेही वाचतात. पण पाळत नाहीत."

"म्हणजे आपणच त्यांना दाखवतोय, दागिने कुठल्या फडताळात आहेत ते?"

त्यातूनच मला युक्ती सुचली. पाटीवर एक खोटंच नाव लिहिलं: 'सोनं. इकडे येऊ नये.' त्या पानाला दुकानातून कुठूनही वाट नव्हती. तिथे पोचायचं तर पाटी वाचून, मुद्दामच. जो जाईल तो चोर, आणि त्याला दुकानाचं दार कायमचं बंद.

सापळा लागला आणि दुसऱ्याच दिवशी एक जण अडकला. मी खूश! तेवढ्यात फोन वाजला. चाचा घरून बोलत होते. नुकताच त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला होता.

"गो मेधा, आपलं दुकान उघडत नाही."

"चाचा, तुम्ही त्या सोन्याच्या पानावर गेला होतात का?"

मग हळू आवाजात उत्तर आलं, "मी नाही. तुझी चाची गेली होती."

मागून आवाज आला, "रोजा आहे, खोटं बोलू नका!"

•

वेबसाइटवर अभिप्रायाची वही होती. तिथे माणसं कमी लिहायची, जाहिरातींचे रोबोट जास्त. केस उगवायचं औषध, वजन उतरवायच्या गोळ्या, लॉटरी. मी पुसायच्या आधी चाची आपल्या भाच्याकडून त्यातल्या इंग्रजीचा अर्थ समजून घ्यायची आणि प्रत्येकाला उत्तर लिहायची. "भाऊ, आमच्या ह्यांना केस भरपूर आहेत. तुमचं औषध गरजवंताला द्या."

शेवटी मी ठरवलं, एक प्रश्न घालायचा. उत्तर बरोबर आलं तरच लिहिता येईल. प्रश्न चाचीनंच दिला: 'सोडे कशाचे करतात?' उत्तरही तिनंच सांगितलं. रोबोट एका दिवसात बंद!

माणसंही बंद!

आठवडाभर वहीत चिटपाखरू नाही. मग पुण्याहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज रडवेला. "मी खरंच माणूस आहे हो! कोळंबी लिहिलं, कोलंबी लिहिलं, झिंगा लिहिलं, तुमचं मशीन मला आत घेत नाही!"

मी चाचीकडे बघितलं. चाची शांतपणे म्हणाली, "चिंगळं लिहायला काय झालं होतं त्यांना?"

•

आणि आता तो मुंबईवाला.

सणासुदीचे दिवस तोंडावर आलेले आणि आमच्या ऑर्डरी अचानक आटल्या. चाचा जेवताना ताट सरकवून उठायचे. दुकान गुंडाळायची भाषा सुरू झाली. मग एक दिवस मला सापडलं. मुंबईतल्या कोणीतरी हुबेहूब आमच्यासारखी वेबसाइट काढली होती. आमचेच फोटो, चाचीचीच वाक्यं, फक्त फोन नंबर त्याचा आणि भाव थोडे कमी. 'ढगावर विश्वास ठेवला नाही' हेसुद्धा जसंच्या तसं! त्याचं मशीन रोज पहाटे येऊन आमची पानं उचलून न्यायचं.

चाचांनी त्याला नीट फोन केला. तो हसला. "चाचा, इंटरनेट सगळ्यांचं असतं."

मान खाली घालून बसलेले चाचा मला बघवेनात. त्या मशीनला मी त्याच्या इंटरनेटवरच्या नंबरावरून अडवलं, तर ते दुसऱ्या नंबरावरून आलं. पण येताना ते आपलं नाव मात्र तेच सांगायचं. मी म्हटलं, "आता नावावरूनच दार लावते."

"थांब," चाची म्हणाली. "मी जे लिहीन ते तो छापतो?"

"अक्षर न् अक्षर."

"आधी वाचत नाही?"

"मशीन आहे चाची, वाचणार कोण?"

"मग दार लावू नको. त्याला एकट्यालाच दिसेल असं पान करता येईल?"

येत होतं. चाची चष्मा लावून बसली आणि लिहिलं: 'गिऱ्हाइकांना सलाम. माझी कंबर धरली आहे, उठता येत नाही. आम्ही ऑर्डर घेणं बंद केलं आहे. चांगला माल हवा असेल तर रत्नागिरीला हमीदभाईंना फोन करा.' खाली आमचा नंबर.

पहाटे मशीन आलं, शहाण्यासारखं सगळं उचलून घेऊन गेलं. सकाळी मुंबईच्या वेबसाइटवर, प्रत्येक बोंबलाखाली, चाचीची कंबर!

दहाच्या सुमारास आमचा फोन वाजायला लागला आणि थांबेचना. चाचा ऑर्डरी लिहून घेता घेता हसत होते, हसता हसता डोळे पुसत होते. ऑर्डरीबरोबर औषधंही येत होती. लसणीचं तेल लावा, निरगुडीच्या पाल्यानं शेकवा, वाकून केर काढू नका!

दोनचार दिवस असेच गेले. मग एका दुपारी त्या मुंबईवाल्याचाच फोन आला. चाचांनी आवाज ओळखला आणि स्पीकर चालू केला. आता हा शिव्या देणार, म्हणून मी पदर खोचून उभी.

पलीकडचा आवाज अगदी पडलेला. "चाचा, जरा चाचींना द्या ना. माझ्या आईनं वेबसाइट वाचलीय. विचारायला लावलंय, कंबर कशी आहे आता?"

चाची फोनजवळ आली. मायेनं म्हणाली,

"बरी आहे रे बाळा. तुझी कशी आहे?"