ह्रिस्टोकाकांच्या नावाचा दगड

माझे बाबा राडको, मदान गावच्या शिशाच्या खाणीत तीस वर्षं ड्रिल चालवलेले. खोटं बोलायला अगदी कच्चे. एकच खोटं त्यांना जमलं, आणि त्यातच ते अडकून पडले.

आमच्याकडे खाण कोसळून कुणी गेला, तर वाचलेल्या सोबत्याने तिथला दगड त्याच्या घरी पोचवायचा. बाबांचे खाणीतले सोबती ह्रिस्टोकाका गेले तेव्हा बाबाही दोन दिवस त्याच ढिगाऱ्याखाली होते. त्यांनी आणून दिलेला चकचकीत दगड ह्रिस्टोकाकांच्या बायकोने, स्टोयनाकाकूंनी, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवला. रोज संध्याकाळी त्यावर तळवा टेकायच्या.

एकतीस वर्षांनी कालिना नावाची भूगर्भतज्ज्ञ आली. खाणीत पाणी भरलेलं, आत जाता येत नव्हतं, म्हणून ती घराघरांतल्या दगडांचे टवके गोळा करत होती. तिला काकूंकडे मीच नेलं. आगाऊपणा माझाच. बाबाही सोबत होते.

"शिशाचे काही अणू हलके, काही जड," कालिना म्हणाली. "त्यांच्या प्रमाणावरून शिसं कुठल्या डोंगरातलं ते कळतं."

बाबांची कॉफी बशीत सांडली. "ह्रिस्टोची आठवण आहे. टवका कशाला?"

"ह्रिस्टोची आहे म्हणूनच! कागदावर नाव येईल त्याचं," काकू म्हणाल्या.

कालिना टवका घेऊन गेली. घरी परतताना वाटेत बाबांनी सांगून टाकलं. त्यांना बेशुद्धच बाहेर काढलं होतं, हात रिकामे. बोगदा लगेच बुजवला. दगड त्यांनी जत्रेत एका परदेशी विक्रेत्याकडून घेतला होता.

मी भडकले. "तेव्हाच सांगायचं ना!"

"ती दगड पोटाशी धरून रडली गं. मग तोंडच उघडवेना."

पुढचे दोन महिने दार वाजलं की बाबा दचकायचे. ताटातलं तसंच राहायचं. एकदा म्हणाले, "ढिगाऱ्याखाली निदान कुणी खणत असल्याचं ऐकू तरी येत होतं." मला त्यांची दया आली, आणि रागही.

अखेर कालिना कागद घेऊन काकूंकडे आली. आम्हालाही बोलावणं आलं. "काकू, हे शिसं आपल्या डोंगरातलं नाही," ती म्हणाली.

काकूंनी बाबांकडे पाहिलं. "राडकोभाऊ?"

बाबांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"एकतीस वर्षं! जत्रेतल्या दगडाला हात लावत बसले मी!" काकूंचा आवाज चिरकला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे तिथून वर काहीच आलं नाही?"

"मी आलो, वहिनी."

काकूंनी दगड उचलून खिडकीत ठेवला. परत येऊन बाबांच्या डोक्यावर तळवा टेकला, आणि तो हात त्या कितीतरी वेळ उचलेनात.