ह्यांचा संगणक अपात्र ठरला

आमचे हे दारावरच्या नावाच्या पाट्या कोरतात. पूर्वी हातानं कोरायचे. डोळे कुरकुरायला लागले तेव्हा कोरायचं मशीन घेतलं आणि त्याला जोडायला संगणक. संगणकावर नाव लिहायचं, मशीन ते पितळेत उतरवतं. कोरलेलं अक्षर काही खोडता येत नाही, त्यामुळे ह्यांचा स्वभावही तसाच झालाय. एकदा ठरलं की ठरलं. दुकान आमच्या पुढच्याच खोलीत आहे, म्हणून सांगतेय ते सगळं माझ्या डोळ्यांदेखतचं.

संगणकात सगळ्या जगाकडे असते तीच सिस्टीम होती. ती ह्यांनी निवडली नव्हती. ती संगणकाबरोबर आली, जसा माझ्याबरोबर माझा धाकटा भाऊ ह्यांच्या आयुष्यात आला. सकाळी चालू केला की स्क्रीनवर धबधबा दिसायचा आणि खाली विचारलेलं असायचं, चित्र आवडलं का? हे खुर्ची मागे सरकवून चित्र नीट बघायचे आणि प्रामाणिकपणे उत्तर द्यायचे. एकदा 'नाही' म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुसरा धबधबा आला.

एका दुपारी एका निवृत्त न्यायाधीशांची पाटी मशीनवर होती. 'सेवानिवृत्त न्या' एवढं कोरून झालं आणि मशीन थांबलं. संगणकाला नेमकं तेव्हाच स्वतःला अपडेट करून घ्यायचं होतं. 'बंद करू नका' असं तो सांगत होता. हे हात बांधून समोर बसून राहिले. तेवढ्यात न्यायाधीश स्वतःच आले. पाटी हातात घेऊन त्यांनी वाचली.

"निकाल राखून ठेवलाय वाटतं," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात येतो सांगून गेले.

अपडेट संपल्यावर संगणकानं आणखी एक गोष्ट कळवली. ही सिस्टीम आता जुनी झाली, लवकरच तिची देखभाल बंद होणार, नवी घ्यावी. मात्र तुमचा संगणक नव्या सिस्टीमसाठी अपात्र आहे. हे जन्मात कधी कशात नापास झाले नव्हते. जेवण झाल्यावर पाणी पिऊन म्हणाले, "अपात्र म्हणजे काय गं? चालतोय की तो."

मी भावाला फोन केला. चूक म्हणा हवं तर. भाऊ पाणीपुरवठा खात्यात आहे. त्यानं कधीतरी आपल्या संगणकावर एक फुकट मिळणारी, कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसलेली सिस्टीम टाकली आणि तेव्हापासून तो दुसऱ्या विषयावर बोललेला नाही. रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन हजर.

"भावोजी, मी किती वर्षं सांगतोय!"

"सांगतोयस खरा," हे म्हणाले.

दुपारपर्यंत नवी सिस्टीम बसली. स्क्रीन निळीशार, स्वच्छ. हे समोर बसून वाट बघत राहिले.

"काही विचारत नाही का ही?"

"नाही भावोजी. तुमचा संगणक, तुमची मर्जी."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला भावाचं कौतुक वाटलं. मग मशीन जोडलं. नव्या सिस्टीमला ते दिसेचना. भावानं काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत काय काय लिहिलं. "होईल, होईल," म्हणत राहिला. त्या रविवारी झालं नाही, पुढच्या रविवारीही झालं नाही. मध्यंतरी न्यायाधीश येऊन गेले. "लोकांना ताटकळत ठेवायची सवय होती मला," म्हणाले, "आता उलट बाजूनं बघतोय."

शेवटी भाऊ चाचरत म्हणाला, "भावोजी, मशीनच बदलता आलं तर?"

हे शांतपणे म्हणाले, "ते सिस्टीमवाले म्हणाले संगणक बदला. तू म्हणतोस मशीन बदला. मला कधी बदलायचं ते आधी कळवा, म्हणजे तयारीत राहतो."

भावाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं मुकाट्यानं जुनी सिस्टीम नवीच्या शेजारी परत बसवून दिली. आता सुरुवातीलाच संगणक विचारतो, कुठली उघडू? पाटी कोरायची असली की हे आधी नेटची वायर काढून खिशात घालतात आणि मग जुनी उघडतात. बाहेरची हवाच लागत नाही, तर अपडेट कुठून येणार! धबधबाही तोच तो. न्यायाधीशांची पाटी अशीच पुरी झाली आणि त्यांच्या दारावर लागली. बातम्या वाचणं आणि पत्ते खेळणं मात्र नवीवर. तिथे हे उगाच बसून राहतात. विचारलं तर म्हणतात, "बरं वाटतं. कुणी काही म्हणत नाही."

भाऊ काही दिवस रुसला होता. मग त्याचा फोन यायला लागला.

"भावोजी, आज कुठली चालू आहे?"

"तुझीच," हे सांगतात. मागे मशीन पितळेवर कर्कश किरकिरत असतं, माझा स्वयंपाकघरात जीव नकोसा होतो, म्हणजे त्यालाही ऐकू जातच असणार.

"छान," भाऊ म्हणतो. "ताईला फोन द्या."