प्रमिलाबाईंचा अंगठा

आमोदखेड्यात म्हणतात, प्रमिलाबाईंशी वाकडं घेण्यापेक्षा तापीच्या पुरात पोहावं. पूर निदान ओसरतो. केळीच्या एका व्यापाऱ्याने त्यांचे घड हिणवून बांधावर टाकले होते. तो त्यांच्या नणंदेचा सख्खा दीर. त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली, तरी त्याच्या घरचा चहा बाईंनी तोंडाला लावलेला नाही. त्याच्या मुलाच्या लग्नातसुद्धा स्वतःच्या घरून पाण्याची बाटली घेऊन गेल्या होत्या.

वय चोपन्न, शिक्षण सातवी. नवरा मोतीलालभाऊ, भला माणूस, बायकोच्या भांडणात कधी तोंड न घालणारा. सून भूमिका उपकेंद्राला कुलूप असल्यामुळे शहाद्याच्या रस्त्यावर पिकअपमध्ये बाळंत झाली, त्या दिवशी बाईंनी त्या कुलपावरच डूख धरला. गावातल्या चाळीस बायका गोळा केल्या, मोबाइलवर त्यांचा गट काढला. उपकेंद्रात नर्स बसलीच पाहिजे, एवढी एकच मागणी. कोणी मोठा साहेब तालुक्यात येणार असला की त्याच्या गाडीपुढे उभं राहायचं ठरे.

पण ठरलेलं घडतच नसे. बायका घराबाहेर पडायच्या आत दारात पोलीस. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी तर निघायची वेळ आदल्या दिवशी संध्याकाळी बदलली होती. तरी बदललेल्या वेळेच्या बरोबर अर्धा तास आधी ठाण्यातला दिलवरसिंग प्रमिलाबाईंच्या ओट्यावर येऊन बसला आणि वर हसून म्हणाला, "मावशी, चहा टाका. आज कुठं जाणं नाही तुमचं."

हा दिलवरसिंग म्हणजे ठाण्याचा कान. मोर्चा, उपोषण, कोण कोणाला भेटतं, हे साहेबाच्या कानावर घालायचं त्याचं काम. आता त्याला खबर देतं कोण? बायकांनी बोट ठेवलं सिंधुबाईवर. तिचा दीर पोलीस पाटलाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, एवढा पुरावा गावाला पुरतो. सिंधुबाई प्रमिलाबाईंची लहानपणापासूनची जोडीदारीण, एकाच गावात दिलेल्या दोघी. तरीही तिला गटातून काढलं प्रमिलाबाईंनीच, स्वतःच्या हाताने. त्यानंतर तिच्या नातीच्या बारशाला गावातली एक बाई फिरकली नाही. घुगऱ्यांचं पातेलं तसंच राहिलं आणि शेवटी म्हशींपुढे ओतावं लागलं. प्रमिलाबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बेस व्हयनं."

हे 'बरं झालं' त्यांना पुढे फार महाग पडलं.

गणपती झाल्यावर फोन तापायला लागला म्हणून त्या पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावरच्या रिषभच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. रिषभ मारवाड्याचा, दोन लेकरांचा बाप, जन्मापासून इथलाच. गिऱ्हाइकाशी अहिराणीतच बोलतो. त्याने फोन इकडून तिकडे चाळला आणि विचारलं, "काकू, तुमी कम्प्युटर कवा लिधा?"

"मी कसाले लेसू कम्प्युटर?"

"मंग हाऊ कोना शे?" त्याने पडदा त्यांच्यापुढे धरला. त्यांचं मेसेजचं खातं एका कम्प्युटरवरही उघडलेलं होतं. खाली जोडल्याची तारीख होती, तेरा जून. आणि शेवटचं कधी पाहिलं? आज, दहा मिनिटांपूर्वी.

बाई म्हणाल्या, हे कसं होईल? गट काढताना तर सांगितलं होतं की मेसेजला कुलूप असतं, सरकारलासुद्धा वाचता येत नाही. रिषभ म्हणाला, कुलूप पक्कंच आहे. "वाटमा कोनीच वाची शकत नही, काकू. पन चोर तुम्हना घरमाच बसेल व्हई, तं कुलूप काय करी?" असं जोडायचं तर फोन हातात लागतो, त्याने समजावलं, आणि मालकाचा अंगठाही लागतो.

अंगठा म्हटल्याबरोबर बाईंना सगळं आठवलं. तेरा जूनला, गाडी अडवू नका अशा पहिल्या नोटिशीसाठी त्यांना ठाण्यात बोलावलं होतं. दिलवरसिंग अगदी गोड बोलला होता. "मावशी, नोटीस आता मोबाइलवरच येते. फोन द्या, लावून देतो." मग फोन पुढे करून म्हणाला, "अंगठा द्या." बाईंनी दिला. का नाही देणार? रेशनला अंगठा, बँकेत अंगठा, पीकविम्याला अंगठा. टेबलामागच्या माणसाने अंगठा मागितला की पदराला पुसून पुढे करायचा, हेच आयुष्यभर केलं. कशासाठी, हे विचारायची रीत कोणी लावलीच नाही.

म्हणजे खबऱ्या दुसरं कोणी नव्हतं. सगळा गट फोडला होता तो प्रमिलाबाईंच्या स्वतःच्या अंगठ्याने, आणि वड्याचं तेल निघालं होतं सिंधुबाईवर. रिषभने विचारलं, "काढी टाकू?"

"नको," बाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. त्याले वाचू दे."

पुढचे आठ दिवस त्यांनी मनात एकच गोष्ट घोळवली. तक्रार केली असती तर तो म्हणाला असता, बाईनेच जोडलं असेल, अडाणी आहे. त्याला असं धरायचं होतं की जीभ हलवता येऊ नये, आणि तेही सगळ्या गावापुढे. रागाने त्यांची झोप उडाली नव्हती. उलट त्या आठवड्यात त्यांना भूक चांगली लागत होती, हे मोतीलालभाऊंच्याही लक्षात आलं.

मग एका मंगळवारी त्यांनी मेसेज लिहिला. गटावर नाही, कोणाच्या नंबरवर नाही. फोनमध्ये स्वतःलाच मेसेज करायची सोय असते, किराण्याची यादी लिहायला त्या ती वापरत. तिथे लिहिलं: उद्या सकाळी आठला सगळ्या बायका सिंधुबाईच्या म्हशींच्या कोठ्यात लपून जमणार. काळे झेंडे आणि रॉकेल तिथेच ठेवलंय. साहेबाची गाडी येताच बाहेर पडायचं.

बुधवारी खरंच एक मोठा साहेब तालुक्यात येणार होता, तोही गावावरून. बायकांना बाईंनी घरोघर जाऊन तोंडी निरोप दिला, आठ वाजता मारुतीच्या पारावर या, एक गंमत दाखवते. पारासमोरच सिंधुबाईचं घर.

आठला दहा कमी असताना दोन गाड्या भरून पोलीस आले. पुढे दिलवरसिंग, छाती काढून, जणू दरोडेखोर धरायला निघालाय. त्यांनी कोठ्याला वेढा घातला, काठ्यांनी कडबा उपसला, ढेपेची पोती उलटी केली. आत निघाल्या दोन म्हशी, एक वासरू आणि शेणाने हात भरलेली सिंधुबाई. ती म्हशीआड सरकली. वासरू दावं तोडून गल्लीत पळालं. तेवढ्यात मोठ्या साहेबाची गाडीही पारापाशी येऊन थांबली.

प्रमिलाबाई पारावरून उतरल्या. वीस वर्षांत त्या इतक्या सावकाश कधी चालल्या नसतील. त्यांनी मोठ्या साहेबापुढे फोन धरला. "साहेब, हा निरोप मी कोणालाच पाठवला नाही. मीच लिहिला, मलाच लिहिला. माझ्याशिवाय हा जगात कोणी वाचलेला नाही. मग तुमच्या माणसाला स्वप्न पडलं का?"

साहेबाने फोन पाहिला, मग दिलवरसिंगकडे पाहिलं. "कोणाच्या आदेशाने?" त्याने हळू विचारलं. दिलवरसिंगकडे कागद नव्हता, आदेश नव्हता, काही नव्हतं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि चाळीस बायका ते बघत होत्या. बाई त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "चहा टाकू का, भाऊ?"

बायका अशा हसल्या की पारावरची कबुतरं उडाली. महिन्याभरात दिलवरसिंगची चौकशी लागली, त्याला तिथून हलवलं, आणि गवगवा नको म्हणून की काय, उपकेंद्राचं कुलूपही निघालं. नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी येते. असा सूड गावाने पाहिला नव्हता. बाईंना तो गोड लागला, खोटं कशाला बोला.

त्या धाडीनंतर चारच दिवसांनी त्या पेढ्यांचा पुडा घेऊन सिंधुबाईकडे गेल्या. गावासमोर तिचं नाव धुऊन निघालं होतं. चुकलं म्हणायचं आणि तिला परत गटात घ्यायचं, एवढंच बाकी होतं. सिंधुबाई कोठ्यात म्हशीखाली बसली होती. त्या दिवसापासून ती म्हैस नीट पान्हवत नव्हती. चरवीत जेमतेम तळाला दूध होतं.

प्रमिलाबाईंनी सगळं सांगितलं, तेरा जून, अंगठा, कम्प्युटर. हात जोडले. सिंधुबाईने ऐकून घेतलं, हात पदराला पुसले.

"त्यानी तुन्हा फोन उघडा, पन तुले इचारं तरी. खोटं बोलना, पन अंगठा मांगना," ती म्हणाली. "तू मन्हा कोठामा पोलीस घाल्यात. मी तुले अंगठा दिधा व्हता का?"

पेढ्यांचा पुडा प्रमिलाबाईंनी तसाच घरी परत नेला.