कुंकू लागलेली फ्लॉपी

माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात वेचलेले शब्द एका काळ्या, चौकोनी, ओल्या पापडासारख्या लवणाऱ्या फ्लॉपीवर मावले होते, आणि एका दसऱ्याला ते जवळजवळ नाहीसे झाले. ज्या दोन माणसांनी ते परत मिळवून दिले, त्यांचे आभार मी त्या वेळी धड मानले नाहीत. कवितेत मला शब्द सुचत. माणसासमोर उभी राहिले की एकही सुचत नसे. म्हणून आता, इतक्या उशिरा, हे लिहिते आहे.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, प्राथमिक शाळेत मास्तर होते. डोणगाव, धामणगाव बढे, मग आणखी तीन-चार गावं, अशा बदल्या होत होत ते खामगावात स्थिरावले. जिथे जात तिथल्या बायामाणसांच्या तोंडचा एखादा शब्द कानाला गोड किंवा खरखरीत लागला की ते तो चिठ्ठीवर टिपून ठेवत. चिठ्ठी म्हणजे हाताला येईल तो कागद: उत्तरपत्रिकेची कोरी पाठ, एस्टीचं तिकीट, औषधाच्या पुडीचा तुकडा. या चिठ्ठ्यांचे त्यांनी पाच डबे केले होते. वावर, चूल, आभाळ, नातं आणि राग. रागाच्या डब्यात पूर्वी तंबाखू असे, त्यामुळे टोमण्यांच्या आणि शिव्यांच्या चिठ्ठ्यांना कायम एक उग्र, गोडसर वास येई. आभाळाच्या डब्यात चहा असायचा. डोळे मिटून नुसत्या वासावर मी चिठ्ठी कोणत्या डब्यातली ते सांगू शकत असे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मामाजींच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढं त्यांना कळे. अक्षर कळत नसे. मी मराठी घेऊन एम.ए. झालेली आणि एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारी. त्याच सुमाराला ती चालवणाऱ्या आमच्या सरांनी इन्स्टिट्यूटमध्ये एक कॉम्प्युटर आणला, आणि देवनागरी उमटवणारं एक कार्ड त्यात बसवून घेतलं. त्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे. यंत्रावर मखमली झूल असे. ती उचलली की तापलेल्या धुळीचा आणि नव्या प्लॅस्टिकचा मिसळलेला वास येई, आणि पडद्यावर हिरवी अक्षरं अंधाऱ्या पाण्यातून वर यावीत तशी येत. त्या यंत्राला स्वतःच्या पोटात काही साठवता येत नसे. डाव्या खाचेत प्रोग्रामची फ्लॉपी, उजव्या खाचेत आपली. जे टंकलं ते फ्लॉपीवर; फ्लॉपी बाहेर काढली की यंत्राला तुमची काही आठवण नाही.

दुपारी मुलींचे वर्ग संपले की तास-दीड तास सर मला यंत्र वापरू देत. त्याबद्दल त्यांनी कधी काही मागितलं नाही. फक्त दर शनिवारी एकच प्रश्न विचारत.

"मॅडम, नक्कल केली का?"

मी म्हणे, "कोऱ्या फ्लॉप्या आल्या की करते." कोऱ्या फ्लॉप्या अकोल्याहून यायच्या आणि बरेचदा यायच्या नाहीत.

संध्याकाळी मी मामाजींना चिठ्ठ्या वाचून दाखवी. ते चुका दुरुस्त करीत, एखादं वाक्य घालीत, आणि दुसऱ्या दिवशी मी ते सगळं यंत्रात उतरवी. उतरलं असं मी सांगितलं की मामाजी ती चिठ्ठी माझ्या हातून मागून घेत आणि सकाळी बंबात टाकत. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी न राहवून विचारलं.

"मामाजी, जाळता कशाला?"

"उतरलं ना तुह्या मशीनीत? मंग हे कायले ठेवाचं? पोत्यातली जवारी कोठीत ओतली का पोतं झटकून टाकाव."

"यंत्रात ओतत नाहीत. उतरवून घेतात. पहिलं पहिल्या जागी राहतं, आणि दुसऱ्या जागीही येतं."

ते हसले. "द्यायचं बी आन् आपल्यापाशी ठेवायचं बी? असा दानशूर म्या आजवर पाह्यला नाही."

त्या वेळी मी हट्ट धरायला हवा होता. पण त्या चिठ्ठ्या वाळवीने अर्ध्या खाल्लेल्या, भुकटी होऊन बोटांना लागणाऱ्या. आणि म्हाताऱ्याला आपलं ओझं हलकं होताना पाहून जे सुख होत होतं, ते मला मोडवेना. सव्वा वर्षात पाचही डबे रिकामे झाले. पाच डब्यांच्या पाच फाइली, एकाच फ्लॉपीवर. कोऱ्या फ्लॉप्यांचं खोकं दसऱ्याच्या आठ दिवस आधी आलं. मी म्हटलं, सुट्टीनंतर निवांत नक्कल करू, आणि मामाजींच्या हातात द्यायला फ्लॉपी घरी घेऊन आले. ती चूक माझी.

दसऱ्याला आमच्याकडे ज्याची त्याची हत्यारं आणि पुस्तकं पुजायची रीत आहे. पाटावर धुतलेलं वस्त्र, पाटीवर एक-एकच्या आकड्यांतून काढलेली सरस्वती, विळा, कात्री, मामाजींची मास्तरकीतली पट्टी. मामाजी म्हणाले, "या साली तुही ती चकती बी मांड. सारे शब्द तिच्यात हायत, मंग तीच सरस्वती." मी कागदी पाकिटासकट फ्लॉपी पाटावर ठेवली आणि पुरण पाहायला आत गेले.

परतले तेव्हा पूजा झाली होती. मामाजींनी फ्लॉपी पाकिटातून काढली होती. देवाला वेष्टनासकट कोण पुजतं? ओल्या हळदीत आणि कुंकवात अनामिका बुडवून त्यांनी तिच्यावरून हात फिरवला असणार. काळं आवरण खरखरीत. मग मधेच एक लांबट खिडकी, जिथे बोट एकदम गार, गुळगुळीत जागेवर घसरतं. ते त्यांना तिचं कपाळ वाटलं. त्या खिडकीतून आतल्या तपकिरी चकतीचा जेवढा भाग उघडा असतो तेवढ्यावरच, नेमकं, हळदीकुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं होतं. त्यावर अक्षता चिकटल्या होत्या. या चकतीला बोटाचा घामसुद्धा लागू द्यायचा नाही, हे सरांनी मला शिकवलेलं पहिलं वाक्य.

मी हात पुढे केला. बांगड्या वाजल्या तशी मामाजींनी मान वळवली.

"राहू दे. पूजेतलं आज हालवू नये. उद्या सकाळी उचलजो."

मी हात मागे घेतला. रीत म्हणून घेतला, आणि तोंडातून शब्द फुटला असता तर काय फुटला असता या भीतीनेही घेतला. त्या दिवशी माणसं आपट्याची पानं घेऊन आली, मामाजींनी प्रत्येकाला पाटाकडे बोट करून सांगितलं की माह्या साऱ्या जिंदगानीचे शब्द तथी मांडले हायत. मी पुरणपोळ्या वाढत होते आणि कुंकू वाळत होतं.

दुसऱ्या दिवशी इन्स्टिट्यूट उघडताच मी सरांपुढे फ्लॉपी धरली. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नक्कल?"

"नाही."

ते रागावले नाहीत. फक्त यंत्राच्या खाचेवर त्यांनी तळहात ठेवला. "हे आत जाणार नाही, मॅडम. आतलं वाचायचं डोकं खराब झालं तं इन्स्टिट्यूट बंद पडंन." मग थोड्या वेळाने टेबलाच्या खणातून एक बिघडलेली फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली. "टेपवाल्या भाईकडं जा. कॅसेटची काय न् हिची काय, पट्टी इथून तिथून पट्टीच असते. ही नेऊन द्या, आधी हिच्यावर हात बसवू द्या त्यायले."

भाईचं दुकान बसस्टँडमागच्या गल्लीत होतं. एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर गाणी, कीर्तनं, कव्वाल्या उतरवून देणं हा त्यांचा धंदा. दुकानात अत्तराचा आणि तापलेल्या तारांचा वास होता. त्यांनी फ्लॉपी उजेडाकडे धरली, तिरपी केली, श्वास रोखून पाहिली.

"हे तं आपलीच टेप आहे, ताई. फक्त गोल. काय भरलंय हिच्यात?"

"माझ्या सासऱ्यांनी जमवलेले शब्द."

"आन् दुसरी काऊन नाही काढली?"

मी कोऱ्या फ्लॉप्यांचं खोकं उशिरा आल्याचं सांगू लागले.

"माह्याकडं लोकं लग्नाची टेप घेऊन येतात," ते म्हणाले, "पोरीचं सासरी जातानाचं रडणं बी डबल करून ठेवतात. आन् तुमी शिकेल-सवरेल, एकच ठेवली." मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "बसा. रडू नका. पाणी पडलं तं काम वाढंन."

त्यांनी आधी बिघडलेल्या फ्लॉपीच्या कडेवरून ब्लेड फिरवलं आणि आवरण उघडून आतली चकती टाकून दिली. मग आमची. एक कड कापून, तव्यावरून धिरडं उचलावं तशी त्यांनी चकती दोन बोटांच्या चिमटीत मधल्या भोकाशी धरून बाहेर काढली, आणि वरची बाजू लक्षात राहावी म्हणून भोकाच्या कडेला पेन्सिलीचा ठिपका दिला. नळाचं पाणी त्यांनी घेतलं नाही. आमच्या भागातलं पाणी खारं. वाळलं की पांढरा थर सोडतं. शेजारच्या बॅटरीवाल्याकडून त्यांनी बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणवलं, पितळी परातीत ओतलं, त्यात साबणाचा एक थेंब टाकला. हळदीला साबण लागला की ती लाल होते हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं, पण त्या क्षणी परातीत उमललेला तो लाल रंग पाहून मला वाटलं, शब्दच विरघळताहेत.

भाईंनी मान वर न करताच सांगितलं, "रंग जाऊ द्या. शब्द पाण्यानं नाही जात."

आठवडाभर आधीच कापसाचं जिनिंग सुरू झालं होतं, आणि गावात हवा म्हणजे निम्मी रुई. एक तंतू चकतीवर बसला तरी यंत्राचं डोकं अडखळलं असतं. भाईंनी पंखा बंद केला, दुकानाचं दार लावून घेतलं, चकती मलमलीच्या धुतलेल्या ओढणीवर ठेवली आणि वर एक मोठं पातेलं पालथं घातलं. त्या उकाड्यात आम्ही दोघं बसून राहिलो. बाहेर गिऱ्हाईकं दार ठोठावत, भाई आतूनच सांगत, "दुपारी या, ऑपरेशन चालू आहे." ओढणी त्यांच्या आईची होती, हे त्यांनी मला मागून सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून.

चकती बिघडलेल्या फ्लॉपीच्या रिकाम्या आवरणात बसवून भाई स्वतः माझ्याबरोबर इन्स्टिट्यूटमध्ये आले. चपला बाहेर काढल्या. सरांना म्हणाले, "माह्या जिम्मेदारीवर टाका, सर. डोकं मळलं तं म्या साफ करून देतो. मी रोज टेपची डोकी साफ करतो." सरांनी फ्लॉपी भिंगाखाली धरून पाहिली, खूप वेळ पाहिली, आणि मग खाचेत सरकवली.

यंत्र कण्हलं. लाल दिवा लागला. सरांनी दुसऱ्या खाचेत कोरी फ्लॉपी घातली आणि एकेक फाइल उतरवायला घेतली. वावर आलं. चूल आली. आभाळाला वेळ लागला. यंत्र मधेच थांबून विचारी, पुन्हा प्रयत्न करू का, आणि सर पुन्हा कळ दाबीत. आभाळ आलं. नातं आलं. राग मात्र येईना. वीस वेळा तरी सरांनी कळ दाबली असेल. शेवटी त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"पाचातल्या चार," ते म्हणाले. "जास्त ओढलं तं आलेलं बी जाईन."

मग त्यांनी मला जागेवरून हलू दिलं नाही. आलेल्या चार फाइलींच्या माझ्याच हातून तीन नकला करून घेतल्या. एक स्वतःच्या कपाटात ठेवली, एक मला दिली, आणि एक भाईंना. भाईंकडे कॉम्प्युटर नव्हता, पण त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाले, "माह्याकडं सुरक्षित राहीन. माह्या दुकानात कुंकू नसते."

घरी जाताना मी ठरवत होते, काय सांगायचं. न सांगता भागलं असतं. रागाचे शब्द पुन्हा काढायचे आहेत, काही दुरुस्त्या आहेत, असं म्हणता आलं असतं, आणि मामाजींनी विश्वास ठेवला असता. पण ज्या माणसाने एकेका शब्दाचा खरा अर्थ मिळवायला जन्म घालवला, त्याला खोटा अर्थ कसा द्यायचा? मी त्यांच्या पायांशी बसले आणि सगळं सांगितलं. दोन माणसांचं सांगितलं, परातीचं, ओढणीचं.

मामाजी अनामिकेवर अंगठा घासत राहिले.

"म्हणजे म्याच पुसलं."

"तुम्ही पूजा केली. नक्कल करायची राहिली ती माझ्याकडून."

"कोणतं गेलं?"

"राग."

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल झालं. "नातं राह्यलं?"

"राहिलं. वावर, चूल, आभाळ, सगळं राहिलं."

"मंग त्या दोघायले जेवाले बोलाव," ते म्हणाले. "आन् राग कायले शोधतं? तो तं मले तोंडपाठ आहे. साळंत दुसरं काय केलं म्या?" त्यांनी खाटेवर पाय वर घेतले, पाठ भिंतीला टेकवली. "वही घे. लिव. भैताड."

मी वही घेतली. भैताड म्हणजे वेडपट हे ठाऊक असूनही विचारलं, "अर्थ?"

"ज्याले कपाळ कोठं आन् डोळा कोठं हे कळत नाही, आन् तरी तो कुंकू लावते, तो."

मी तो अर्थ जसाच्या तसा उतरवून घेतला. पुढे शब्दसंग्रह छापायला गेला तेव्हा सर म्हणाले, हे काही बरोबर दिसत नाही, बदलू या का? मी मामाजींना विचारलं. ते म्हणाले, राहू दे.