गोल पिनेचा कीबोर्ड

आमच्या भावजींना नाट्यगृहात सगळे ‘कात्री’ म्हणतात. तिथला संगणक ते सांभाळतात, मी पडदा ओढतो, तेव्हा हे नाव कोणी ठेवलं ते मी सांगत बसत नाही. जे लागत नाही ते जवळ नको, हा त्यांचा बाणा. त्यांची बायको म्हणजे माझी थोरली बहीण. ताईचा बाणा बरोबर उलटा. मोडक्या छत्रीची मूठसुद्धा ती कपाटावरच्या गाठोड्यात जपते. एक जुना गोल पिनेचा कीबोर्ड भावजींनी तीनदा कचऱ्यात टाकला आणि तिने तीनदा उचलून आणला. पंचवीस वर्षं त्यांचा संसार असाच चाललाय.

रंगमंचाचे दिवे संगणकावरून लागतात. पण दिव्यांचा प्रोग्राम इतका म्हातारा, की नव्या संगणकाशी त्याचं जमत नाही. म्हणून भावजींनी संगणकाच्या पोटात दुसरा, नुसता कल्पनेतला संगणक बसवला. त्याला ते ‘आतला’ म्हणतात आणि खऱ्याला ‘बाहेरचा’. दोघांच्या हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडक्या स्क्रीनवर शेजारीशेजारी असतात आणि दिसतात अगदी जुळ्या.

यंदा ताई बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा नाटकात उभी राहणार होती. ऑफिसातल्या कारकून बाईंचं काम होतं. दुसऱ्या अंकात तिने टेबलावरच्या दिव्याचं बटण दाबायचं आणि सगळा रंगमंच उजळायचा. तालमीत उजेड पाऊण सेकंद उशिरा आला आणि बघणारे हसले. त्या दिवशी ताई जेवली नाही.

भावजींनी ते मनाला लावून घेतलं. प्रयोगाच्या दिवशी सकाळीच ते आतल्यासाठी नवा कर्नल बांधायला बसले. कर्नल म्हणजे संगणकाचा गाभा. कीबोर्ड, डिस्क, सगळ्यांशी तोच बोलतो. तयार मिळतो त्यात शेकडो यंत्रांची ओळख कोंबलेली असते, म्हणून तो जडावतो आणि उजेडाला उशीर होतो.

“आतल्याला एवढं काय करायचंय?” भावजी कात्री चालवत म्हणाले. “त्याला वाटतं आपल्याला गोल पिनेचा कीबोर्ड लावलाय. तेवढा ठेवू. हल्लीचे चपट्या पिनेचे गेले.”

दुपारभर स्क्रीनवर ओळी धावत होत्या. शेवटी कर्नल तयार झाला, तो त्यांनी बसवला. लोक जुना कर्नल शेजारी ठेवतात, नवा रुसला तर असावा म्हणून. भावजींनी तो पुसला आणि यंत्र पुन्हा सुरू करायचा हुकूम दिला.

सगळाच स्क्रीन काळा झाला. आतल्याचा कर्नल त्यांनी बाहेरच्याला बसवला होता.

संगणक उठला आणि त्याने पासवर्ड विचारला. कीबोर्ड चपट्या पिनेचा. भावजींनी सगळी बटणं बडवली, एक अक्षर उमटेना. साडेपाच वाजले होते, साडेसहाचा प्रयोग.

“पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो ना?” मी ऐकीव ज्ञान पाजळलं.

“त्या वाटेला मीच कुलूप घातलंय.”

“मग उघडा.”

“त्याचा पासवर्ड याच संगणकात लिहून ठेवलाय.” मग ते अगदी हळू म्हणाले, “गोल पिनेचा कीबोर्ड हवा.”

आम्ही दोघांनी रंगमंचाकडे पाहिलं. कारकून बाईंच्या टेबलावर, नाटकातलं सामान म्हणून, ताईच्या गाठोड्यातला तोच कीबोर्ड मांडलेला होता. ताई समोर बसून वाक्यं पुटपुटत होती.

“अगं, हा जरा नेतो.”

“कशाला? तो कचरा आहे ना?”

“माझं चुकलं.”

हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. ताईने वायर नीट गुंडाळून कीबोर्ड त्यांच्या हातात दिला. टेबल रिकामं दिसू नये म्हणून भावजींनी आपला नवाकोरा तिथे ठेवला.

जुना कीबोर्ड संगणकामागच्या गोल खाचेत बसला आणि लगेच चालला. जुना कर्नल ज्यातून बसवला होता ते मूळ पार्सल डिस्कच्या कोपऱ्यात तसंच पडलं होतं. नशीब, ते झाडायला भावजी विसरले होते. त्यांनी ते पुन्हा बसवलं. मग खिडकीवर बोट ठेवून, मोठ्याने “आतला” म्हणून, त्यांनी नवा कर्नल योग्य जागी बसवला.

दुसऱ्या अंकात ताईने बटण दाबलं. बोट आणि उजेड एकदमच पोचले. कोणी हसलं नाही. मला भरून आलं, पण दोन्ही हातांत दोरी होती, डोळे पुसता येईनात. भावजी दिव्यांच्या खोलीत चष्मा काढून बसले होते.

दुसऱ्या दिवशी आतल्याच्या कर्नलांच्या यादीत नव्याखाली जुनाही न पुसता ठेवलेला दिसला. गोल पिनेचा कीबोर्ड कपाटावर, गाठोड्यात परत गेला होता. त्यावर भावजींच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘लागत नाही. फेकू नये.’