पाणी जिंकणाऱ्यांना
ऑरेंज स्क्वॉशचा वास आला की इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली ती रणरणती दुपार आठवते. आदल्या दिवशी मॅच हरल्याची शिक्षा म्हणून आमच्या महिला फुटबॉल टीमच्या कोचने पाणी, स्क्वॉश सगळं गाडीत कोंडलं आणि आम्हाला पळायला लावलं. “पाणी जिंकणाऱ्यांना,” तो म्हणाला. तासाभराने आमची गोलकीपर, माझी मराठी मैत्रीण, माझा हात धरून पुटपुटली, “मला काहीच दिसत नाहीये गं,” आणि कोसळली. “नाटकं करतेय,” कोच म्हणाला. मी त्याच्या हातातली किल्ली हिसकावली, पाणी काढून तिच्या डोक्यावर ओतलं, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती वाचली, मला मात्र त्याने टीममधून काढलं. परवा सुपरमार्केटमध्ये तो हसत “हॅलो” म्हणाला. मी त्याच्याकडे रोखून बघितलं आणि ट्रॉली ढकलत पुढे निघून गेले.