निथळण्याची दोन मिनिटं

त्या दुष्काळी वर्षी, मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सात वाजता मी पडेगावच्या एका शेततळ्यात ट्रायथलॉनसाठी उतरलो. नऊ वाजून सोळा मिनिटं चाळीस सेकंदांनी शेवटची रेषा ओलांडली. मुदत सव्वानऊची होती.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. वय एकेचाळीस, वजन शहाऐंशी किलो. आधीच्या दोन स्पर्धा मी अर्ध्यात सोडल्या होत्या आणि ऑफिसात हे चहावाल्यालाही माहीत होतं. वृत्तसंपादक म्हणाले, "मुदतीत आलास तर चौथ्या पानावर तीन ओळी देतो. नाही आलास तर हा विषय माझ्या टेबलावर पुन्हा आणायचा नाही." त्या तीन ओळी मी शनिवारीच लिहून ठेवल्या. वेळेची जागा कोरी सोडली.

शहरातले पोहण्याचे तलाव पाण्याअभावी बंद होते. आयोजकांना एका मोसंबीवाल्याचं शेततळं मिळालं. काळ्या प्लास्टिकचं अस्तर, चढायला गाठी मारलेली दोरी, या काठापासून त्या काठापर्यंत चाळीस मीटर. मालकाची अट एकच होती. तळ्यातलं पाणी तळ्यातच राहिलं पाहिजे. बाहेर आलेल्या प्रत्येकानं काठावर दोन मिनिटं उभं राहून निथळायचं, कपडे तळ्यात पिळायचे आणि मगच सायकलकडं जायचं. ही दोन मिनिटं प्रत्येकाच्या वेळेतून वजा होणार होती. जो पूर्ण निथळेल त्याच्याच, आणि ते मालक ठरवणार होते.

साडेसातशे मीटरला आयोजकांनी एकोणीस फेऱ्या काढल्या. एकोणीस हा विषम आकडा आहे, हे आम्हाला शेवटच्या फेरीनंतर कळलं. आम्ही एका काठावर होतो आणि सायकली दुसऱ्यावर. कुणीतरी विसावी फेरी मारावी का, असं विचारलं. तोवर बाकीचे दोरीला लटकले होते.

मालक खुर्ची टाकून काठावर बसले होते. हातात घड्याळ, शेजारी तळ्याची पातळी मोजायची काठी.

"ओ साहेब, पाणी कुठं घेऊन चाललात?"

मी उभा राहिलो. माझ्या हाफपँटला चार खिसे होते.

"खिसे उलटे करा."

केले. प्रत्येक खिशातून साधारण अर्धा पेला पाणी निघालं.

"लई साठवता हो तुम्ही. आता हात झटका. तिकडं नाय, तळ्याकडं."

माझ्यापुढं सात जण निथळत उभे होते. वाळूज एमआयडीसीतला एक इंजिनिअर, छातीवर एकतीस नंबर, डोळे मिटून टॉवेल पिळत होता. तळ्याला वळसा घालून सायकलीपर्यंत जायचं होतं. मी घड्याळ पाहिलं आणि चाळीस सेकंदांतच निघालो. मागून मालक काहीतरी म्हणाले. ते मी ऐकलं नाही, असं तेव्हा ठरवलं.

सायकलबाबत सांगण्यासारखं फार नाही. दौलताबादच्या पुढं घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत, वीस किलोमीटर. मला एका रिक्षानं, दोन शाळकरी मुलींनी आणि वेरूळला निघालेल्या एका वऱ्हाडानं मागं टाकलं. वऱ्हाडानं हात केला.

धावण्याचा टप्पा पाच किलोमीटरचा होता आणि तो आमच्या कॉलनीतून जात होता. प्लॉट पाडून वसलेली नवी कॉलनी. डांबरी रस्ता आला होता, नळ यायचा होता. टँकर आठ दिवसांनी येई आणि पाणी नंबरानं मिळे. प्रत्येक घराचा ड्रम, प्रत्येक ड्रमवर रंगवलेला आकडा. आमचा अकरा. स्पर्धेची नोंदणी करताना कोणता नंबर हवा, असं विचारलं तेव्हा मी अकराच मागितला होता. पाठ होता.

आठ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मी गल्लीत शिरलो तेव्हा टँकर आडवा उभा होता. तो सोमवारी यायचा होता. यादी शेजारच्या काकूंच्या हातात होती. त्यांच्यासमोर एकतीस नंबरचा इंजिनिअर धापा टाकत उभा होता.

"एकतीस?" काकूंनी त्याच्या छातीकडं पाहिलं. "आत्ता कुठं दहावा चाललाय. मागं जा बरं."

"मावशी, मी स्पर्धेत आहे."

"इथं सगळेच हायेत. नंबरानं या."

तो मागं गेला. नंतर त्यानं सांगितलं की त्याला ते आयोजकांचं तपासणी केंद्र वाटलं.

मग काकूंनी मला पाहिलं. "अकरा. या, तुमचाच नंबर." आणि पाइप माझ्या हातात दिला.

पाइप चालू होता. सोडला असता तर पाणी रस्त्यावर गेलं असतं. त्या वर्षी आमच्या गल्लीत पाणी सांडून पुढं राहता आलं नसतं. मी पाइप ड्रममध्ये धरला. तेवढ्यात बायको घरातून घागर घेऊन आली.

"तुम्ही? झाली शर्यत?"

"चालू आहे."

"मग ही पण भरून घ्या. आणि पाइप वर धरा, शिंतोडे उडतायत."

घड्याळाप्रमाणं गल्लीत माझी सहा मिनिटं गेली. निघालो तेव्हा काकू मागच्यांना सांगत होत्या, "बघा, पळत आले. नंबर चुकू देत नाहीत."

शेवटच्या रेषेवर मुदतीपेक्षा एक मिनिट चाळीस सेकंद जास्त भरले. निथळण्याची दोन मिनिटं वजा केली तर वीस सेकंद उरत होते. हे मी आयोजकांना कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी मालकांना बोलावलं. मालक काठी घेऊन आले.

"हे निथळले का?"

मालकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अकरा नंबर ना? चाळीस सेकंदांत पळाले. मागनं हाक मारली, थांबले नाहीत. सायकलीपर्यंत ओली रेघ होती, मी सोत्ता पाहिली."

"पण खिसे तर उलटे केले होते," मी म्हणालो.

"व्हय, खिसे केले. ते खोटं बोलणार नाय मी."

यादीत माझ्या नावापुढं 'मुदतीबाहेर' असं लिहिलं गेलं. एकतीस नंबर टँकरची रांग अर्ध्यात सोडून नऊ चाळीसला आला. त्याच्या हातात काकूंनी दिलेली पाण्याची बाटली होती.

सोमवारी चौथ्या पानावर त्या तीन ओळींच्या जागी टँकरच्या बदललेल्या वेळांची बातमी होती. मजकूर मीच तपासला होता. आमचा ड्रम रविवारी काठोकाठ भरला होता, याला बायको आणि काकू या दोघींनी स्वतंत्रपणे दुजोरा दिला.